सावलीच्या बाजूची खिडकी

गोपीनाथराव राऊतांनी डहाणू रोड स्टेशनवर आरक्षणाच्या काउंटरमागे एकतीस वर्षं काढली आणि त्या एकतीस वर्षांत अख्ख्या तालुक्याला खिडक्या वाटल्या. चिकूच्या बागायतदारांना, अहमदाबादला निघालेल्या वऱ्हाडांना, बदली झालेल्या तलाठ्यांना, पहिल्यांदाच गाडीत बसणाऱ्या म्हाताऱ्यांना. फक्त एका बाईला त्यांनी कधी खिडकी दिली नाही, आणि ती बाई त्यांच्याच घरात राहायची.

“रेल्वेवाल्याच्या बायकोनं खिडकी घेतली तर लोक म्हणतील, राऊतानं घरातच कोटा काढला,” हे त्यांचं ठरलेलं उत्तर. त्यामुळे प्रभाबाईंना जन्मभर एकतर मधला बर्थ मिळाला नाहीतर संडासाशेजारचा. गोपीनाथराव स्वतःही मिळेल तिथे बसायचे, नाही असं नाही. पण त्यांना काय फरक पडणार होता? गाडी पुढच्याच घोलवड स्टेशनला पोचायच्या आत ते घोरायला लागायचे.

आता तुम्ही म्हणाल, खिडकी ती काय आणि तिच्यासाठी एवढं काय. तर त्याचं असं आहे की प्रभाबाई भूगोलाच्या बाई होत्या. तलासरीच्या शाळेत त्यांनी एकोणतीस वर्षं भूगोल शिकवला. रोज डहाणूहून एस.टी.नं जायचं, रोज परत यायचं. त्या एस.टी.त खिडकी मिळायची, पण तिच्यातून दिसायचं तेच ते. चिकूच्या वाड्या, विवळवेढ्याचा डोंगर, हायवेवरचे ट्रक. आणि शाळेत पोचलं की भिंतीवरचा नकाशा, ज्यातलं ग्रीनलंड उंदरांनी कुरतडलं होतं. त्या नकाशावर पट्टी ठेवून त्या मुलांना वाळवंटं दाखवायच्या, बर्फाचे डोंगर दाखवायच्या, सामुद्रधुन्यांतून जहाजं न्यायच्या. एकदा हिरी नावाच्या चौकस पोरीनं हात वर केला. “बाई, तुमी देखलाय का हे?” बाई म्हणाल्या, नाही गं. “मग तुमाला कसा ठाव?” वर्ग हसला, बाईही हसल्या. संध्याकाळी एस.टी.त मात्र त्यांना हसू आलं नव्हतं. खूप वाईट वाटलं होतं, आणि ते त्यांनी कुणाला सांगितलंही नव्हतं.

म्हणून लंडनला नोकरी करणाऱ्या लेकीनं, श्रुतिकानं, मार्च महिन्यातली तिकिटं पाठवली आणि तीही बिझनेस क्लासची, तेव्हा प्रभाबाईंनी पहिला प्रश्न विचारला तो जेवणाचा नव्हता, थंडीचा नव्हता.

“खिडकी आहे का?”

“आई, मी मधल्या दोन सीट घेतल्यात. एकमेकींना लागून. त्यांना हनिमून सीट म्हणतात,” श्रुतिका फोनवर म्हणाली.

“हनिमून माथेरानला झाला. मला खिडकी पाहिजे.”

श्रुतिका हसली. सीट एकदाच बदलता येतात, गुरुवारपर्यंत काय ते ठरवा, म्हणाली. आणि गोपीनाथरावांच्या अंगात निवृत्तीनंतर सात वर्षांनी वारं संचारलं. सीट द्यायची म्हणजे त्यांच्या हातचं काम. त्यांनी चष्मा पुसला, शर्ट बदलला आणि बायकोला घेऊन स्टेशनसमोरच्या रोशनच्या दुकानात गेले.

रोशनचं दुकान म्हणजे झेरॉक्स, पॅनकार्ड, सातबारा आणि ऑनलाइन फॉर्म. तो प्रभाबाईंचा विद्यार्थी. त्यानं दोघांना खुर्च्या दिल्या आणि संगणकावर विमानाचा नकाशा उघडला. दोन्ही कडांना एकेकटी खुर्ची, मध्ये जोडीच्या खुर्च्या. खिडक्या जवळजवळ सगळ्या गेल्या होत्या. सहाव्या ओळीत दोनच शिल्लक होत्या, डाव्या टोकाला सहा-ए आणि उजव्या टोकाला सहा-के.

“विमान दुपारी एकला सुटणार, वायव्येला जाणार,” प्रभाबाई बोटानं हवेत रेघ ओढत म्हणाल्या. “म्हणजे ऊन सगळ्या वाटेनं डावीकडून. सावलीची बाजू उजवी. मला उजवी द्या.”

“दिली,” गोपीनाथराव म्हणाले. बोलताना त्यांचा आवाज काउंटरवरचा झाला होता. “सहा-के, लेडीज. सहा-ए, मी.”

रोशननं दुसरीकडे काहीतरी उघडून वाचलं आणि मान खाजवली. “साहेब, या विमानात सहा-केला खिडकी नाही असं लिहिलंय. आतून कसलातरी पाइप जातो म्हणे, तिथे नुसती भिंत आहे. दोन जणांनी फोटोपण टाकलेत.”

“कोणी लिहिलंय?”

“प्रवाशांनी.”

“प्रवासी.” हा शब्द गोपीनाथरावांनी असा उच्चारला की त्यात एकतीस वर्षांचा अनुभव आला. “प्रवासी काय वाटेल ते लिहितो. कंपनीच्या चार्टमध्ये काय दिलंय? के म्हणजे खिडकी. संपलं. ज्या डब्याला खिडकी नाही तो पार्सलचा डबा.”

“अहो, पण त्यानं फोटो बघितलाय,” प्रभाबाई म्हणाल्या.

“चार्ट खोटं बोलत नाही, प्रभा.”

“मग के तुम्ही घ्या. मला ए चालेल. ऊन सोसेन मी.”

“सावली तूच मागितलीस ना? तुला चांगली दिली तरी तुझी कटकट आहेच.” आणि त्यांनी स्वतः माउस हातात घेऊन बटण दाबलं. रोशननं बाईंकडे बघितलं. बाईंनी डोळ्यांनीच त्याला गप्प केलं. चार्ट एकदा लागला की राऊतसाहेबांच्या राज्यात तो ब्रह्मदेवही बदलत नसे, हे सगळ्या डहाणूला ठाऊक होतं.

त्या रात्री... नाही, रात्री काही झालं नाही, प्रभाबाई झोपल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र त्या शेजारच्या दक्षाबेनकडे गेल्या. दक्षाबेनचं पापड-लोणच्यांचं दुकान, आणि माणसं ओळखण्यात तिचा हात धरणारं बाजारपेठेत दुसरं कोणी नव्हतं. प्रभाबाईंनी तिला सगळं सांगितलं. नऊ तास भिंत बघत जायचं, आणि पलीकडे नवरा खिडकीत बसून घोरणार.

“विमानात गेल्यावर मागून घेशील तर?” दक्षाबेननं विचारलं.

“मागितलं तर देतीलही. पण आधी म्हणतील, रडू नकोस. मग म्हणतील, बाहेर ढगच तर असतात. आणि मग देऊन वर उपकार. मला मागायचं नाहीये आता. पस्तीस वर्षं मागितलं.”

दक्षाबेननं पापडाची एक चळत खाली ठेवली. “तो पछी मागवानुं नहीं, प्रभाबेन. ललचाववानुं. गिऱ्हाइकाला पापड घ्या, पापड घ्या म्हटलं की ते पुढे जातं. आपण गल्ल्यावर बसून मस्त पापड खायला लागलो की ते थांबतं आणि विचारतं, कसला आहे? त्याला बोलवायचं नाही. आपण खायचं.”

प्रभाबाईंनी त्यावर विचार केला. खायला पापड तर पाहिजे ना. त्यांच्यापुढे तर नुसती भिंत असणार होती. आणि मग त्यांच्या लक्षात आलं की भिंतीपुढे उभं राहून जग दाखवणं हाच तर आपला एकोणतीस वर्षांचा धंदा. घरी येताना त्या स्वतःशीच इतक्या हसत होत्या की समोरून येणाऱ्या बाईनं विचारलं, काय बाई, लॉटरी लागली का?

विमानात शिरताना रोशनचे प्रवासी खरे निघाले. दारातच दोन वाटा झाल्या. गोपीनाथराव डावीकडच्या बोळानं गेले, प्रभाबाई उजवीकडच्या. मधल्या जोडीच्या खुर्च्यांना आडोसे होते, त्यामुळे इकडचं तिकडे दिसायची सोय नव्हती. सहा-के मोठी ऐसपैस होती, गुबगुबीत होती, पाय ठेवायला पुढे गादीचा चौरंग होता. पुढच्या खुर्चीला दोन खिडक्या, मागच्या खुर्चीला दोन खिडक्या. सहा-केच्या शेजारी पांढरी, गुळगुळीत, कोरी भिंत.

प्रभाबाईंनी भिंतीवरून हात फिरवला. ठाऊक होतं तरी फिरवला. विमान धावू लागलं, उडालं, कान दडपले. खाली कुठेतरी किनारा असेल, कदाचित डहाणूच्या थर्मल वीजकेंद्राची चिमणीही दिसत असेल, आणि त्या भिंतीकडे बघत होत्या. पाच मिनिटं त्यांनी स्वतःला वाईट वाटू दिलं. मग पर्समधून वही काढली.

समोरच्या स्क्रीनवर नकाशा होता आणि त्यावर एक चिमुकलं विमान सरकत होतं. ते ओमानच्या किनाऱ्याला टेकलं तशा प्रभाबाई उठल्या, पुढच्या कापडी पडद्याआडून वळसा घालून पलीकडे गेल्या. गोपीनाथरावांनी ऊन येतं म्हणून बटण दाबून काच काळी करून टाकली होती आणि डोळे मिटले होते.

“अहो, पेन आहे का? माझं संपलं.”

“एवढं काय लिहितेस?”

“बघतेय ते.” पेन घेतलं आणि त्या निघाल्या. मागे वळून बघितलं नाही.

अर्ध्या तासानं पुन्हा गेल्या. “तुमचा लांबचा चष्मा द्या जरा.”

“चष्मा कशाला?”

“होर्मुझच्या सामुद्रधुनीत जहाजं आहेत. सत्तावीसपर्यंत मोजली, पुढची बारीक होत जातायत. आणि पलीकडे इराणचे डोंगर, चुण्या पडलेल्या साडीसारखे. द्या लवकर, निघून जाईल.”

गोपीनाथरावांनी चष्मा दिला. मग स्वतःची काच उजळली. डोळ्यांत ऊन घुसलं, खाली पिवळट धुरकट काहीतरी होतं, त्यात एकही जहाज नव्हतं. त्यांनी आतल्या आत हळहळ केली. ही बाजू आपणच आपल्याला दिली होती. चूक दुसऱ्या कोणाची म्हणायची सोय नव्हती.

तिसऱ्यांदा प्रभाबाई गेल्याच नाहीत. हा दक्षाबेनचा खास मसाला. त्या भिंतीशी बसून राहिल्या, चहा प्यायल्या आणि हवाई सुंदरीशी गप्पा मारल्या. छातीवरच्या पट्टीवर नाव होतं रविना, आणि पोरगी पालघरची निघाली. “मावशी, तुम्हाला ही भिंतीची सीट दिली कोणी?” तिनं हळहळून विचारलं. “यांनी,” प्रभाबाई म्हणाल्या, आणि सगळी हकीकत सांगितली. रविनानं हसू आवरण्यासाठी ट्रे तोंडापुढे धरला.

शेवटी पडद्याआडून रविनानंच खूण केली, येतायत म्हणून. प्रभाबाई ताडकन उठल्या आणि गोपीनाथरावांना पुढच्या वळणावरच गाठलं.

“मी म्हटलं, जरा बघावं,” ते म्हणाले.

“काय?”

“तेच. डोंगर वगैरे.”

“सीट एक आहे आणि माणसं दोन. ज्याचं नाव जिथे, त्यानं तिथे बसावं. तुम्हीच सांगायचात लोकांना.”

गोपीनाथराव घुटमळले. त्यांच्या उभ्या आयुष्यात त्यांना ज्या प्रवाशांचा सगळ्यांत जास्त राग आला होता ते म्हणजे दुसऱ्याच्या जागेपाशी येऊन लाघवी हसणारे. आता ते तसेच हसत होते. “मी काय म्हणतो, प्रभा, जरा ॲडजस्ट करतेस का? तुझं तर बघून झालंय की.”

“माझं कुठे झालंय? अजून अर्धी पृथ्वी बाकी आहे.”

“काका किती मनापासून म्हणतायत, मावशी,” रविना मागून म्हणाली. “आज त्या सीटसारखी सीट अख्ख्या विमानात नाही.”

प्रभाबाईंनी बराच वेळ विचार केल्यासारखं केलं. “बरं. पण एक अट. बदलली म्हणजे लंडनपर्यंत बदलली. मध्येच उठून माझी मला दे म्हणायचं नाही.”

“छे, छे. एकदा चार्ट लागला की लागला,” गोपीनाथराव म्हणाले आणि लगबगीनं उजव्या बोळात शिरले.

प्रभाबाई सहा-एमध्ये बसल्या, काच उजळली आणि कान टवकारले. आता ओरडा येईल, मग येईल. मिनिट गेलं, पाच गेली. पलीकडून चूं नाही. रविना येऊन कानात सांगून गेली, “भिंतीकडे बघत बसलेत. मी विचारलं काही हवंय का, तर म्हणाले, व्ह्यू छान आहे.”

प्रभाबाईंनी तोंडात पदर कोंबला. आणि मग बाहेर बघितलं, आणि हसायचं राहून गेलं. खाली वाळवंट होतं. नकाशात ते पिवळ्या रंगाचं सपाट असतं. इथे त्यात तांबूस होतं, करडं होतं, वाऱ्यानं काढलेल्या रेघा होत्या, आणि मध्येच एक काळा सरळ रस्ता, ज्यावर कोणी नव्हतं. ऊन डोळ्यांत येत होतं. येऊ दे म्हणाल्या.

तासाभरानं गोपीनाथराव आले. चेहरा गंभीर आणि प्रसन्न, दोन्ही. “काय दिसतंय गं त्या बाजूनं,” ते म्हणाले. “एक मालगाडी दिसली. बावन्न डबे.”

“मोजलेत?”

“मोजायची सवयच ना. दोन इंजिनं होती. मागचं बंद असावं.”

प्रभाबाईंनी गालाच्या आत दात रोवून ठेवले. मागचं इंजिन बंद होतं हे तेहतीस हजार फुटांवरून, भिंतीतून, ज्याला दिसतं त्या नवऱ्याला काय म्हणावं? “नशीबवान आहात,” त्या म्हणाल्या. “माझ्या बाजूला नुसती वाळू.” गोपीनाथराव समाधानानं परत गेले. खोटं बोलायला त्यांना इतकं चांगलं जमतं हे पस्तीस वर्षांत कळलं नव्हतं, आणि प्रभाबाईंना त्यांचं थोडं कौतुकच वाटलं.

मग तुर्कस्तान आला. आधी नुसत्या घड्या, मग घड्यांवर पांढरं, आणि मग पांढऱ्याला अंतच राहिला नाही. शिखरामागे शिखर, त्यांच्या निळ्या सावल्या, मधल्या खोऱ्यात गोठलेलं एक तळं आणि तळ्याच्या काठाला धूर सोडणारं एक एवढंसं गाव. प्रभाबाईंनी किती वर्षं पट्टीनं हे डोंगर दाखवले होते. उंची पाठ होती, दिशा पाठ होती. ते एवढे शांत असतील हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि त्यांनी ते पुसलं नाही, कारण पुसताना पापणी मिटावी लागते.

गोपीनाथराव दुसरी मालगाडी घेऊन आले होते. पण बायकोच्या चेहऱ्याकडे बघून गाडी त्यांच्या तोंडातच राहिली.

“काय झालं? बरं नाही का?”

प्रभाबाईंनी नुसतं बाहेर बोट दाखवलं. गोपीनाथराव वाकले, त्यांच्या डोक्यावरून बाहेर बघितलं आणि त्यांचा आ वासला.

“बाप रे,” ते म्हणाले. “खिडकीतून हे असं दिसतं?”

बोलून गेले आणि मग त्यांनी जीभ चावली.

“तिकडे भिंत आहे, प्रभा,” ते शेवटी म्हणाले.

“माहीत आहे. अडीच तास बघितली मी.”

“म्हणजे ती जहाजं?”

“तलासरीच्या शाळेतली. तुमची मालगाडी?”

“वापी यार्डातली.” ते हसले नाहीत. खुर्चीच्या काठाला धरून उभे राहिले. “तू मला सांगायचंस.”

“सांगितलं होतं. दुकानात. तुमच्या चार्टमध्ये खिडकी होती.”

गोपीनाथरावांनी खाली बघितलं. एकतीस वर्षांत त्यांच्या काउंटरवर लोक भांडले होते, रडले होते, एकानं तर काच फोडली होती, पण चार्ट चुकला असं त्यांच्या तोंडून कुणी वदवून घेतलं नव्हतं. “चूक माझी,” ते म्हणाले. “ही पण, आणि आधीच्या सगळ्यापण. एखादी खिडकी तुला दिली असती तर रेल्वे काही बुडाली नसती.”

या माणसाचा आता राग धरावा तर कसा? प्रभाबाईंनी पाय खाली घेतले आणि पुढचा चौरंग हातानं झटकला. “बसा इथे. उभं राहून पाय दुखतील.”

गोपीनाथराव चौरंगावर बसले, गुडघे पोटाशी घेऊन, मान लांब करून. बाहेर ते गोठलेलं तळं हळूहळू मागे सरकत होतं. त्यांनी उजवीकडून बघून पाहिलं, डावीकडून बघून पाहिलं.

“जरा सरकतेस का?” त्यांनी विचारलं. “मला अर्धंच दिसतंय.”

“अर्धं पुरे,” प्रभाबाई काचेवरचं कपाळ न हलवता म्हणाल्या. “बाकीचं मी सांगते.”